सवयीचे विचार आणि जीवनातील यश
(विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. त्यांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. पण याच सभागृहात मागच्या रांगांमध्ये अशीही मुलेमुली बसली आहेत की ज्यांचे नाव आज पुकारले गेले नाही. कोणाला टक्के कमी पडले, कोणाचा एखादा विषय राहिला, कोणी स्पर्धा परीक्षेत दोन-तीनदा अपयश घेऊन आले आहे. आमचे आजचे बोलणे सर्वांसाठी आहे, परंतु या मागच्या रांगेसाठी ते थोडे अधिक आहे.

अपयश आले की दोन गोष्टी घडतात. एक गोष्ट गुणपत्रिकेवर घडते आणि दुसरी मनात घडते. गुणपत्रिकेवरचे अपयश पुढच्या परीक्षेत धुऊन निघू शकते. मनात मात्र एक वाक्य बसते, "हे आपल्याला जमणारे नाही." हे वाक्य एकदा मनात आले तर तो एक विचार असतो. रोज आले तर ती सवय होते. आणि सवय झाली की माणूस ते वाक्य तपासून पाहण्याचेही सोडून देतो. आज आपल्याला या सवयीच्या विचारांचा विचार करावयाचा आहे.

मन हे केंद्र

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तथागतांच्या शिकवणुकीचे वैशिष्ट्य सांगताना मनाला केंद्रस्थान दिले आहे. धम्मपदाची सुरुवातही याच मुद्द्याने होते. आपण विहारात वंदना घेतो, पंचशील ग्रहण करतो, परंतु मनाविषयीची ही शिकवण आपल्या अभ्यासाच्या टेबलापर्यंत, नोकरीच्या ठिकाणापर्यंत, घरातल्या बोलण्यापर्यंत पोहोचते का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारला पाहिजे.

मज्झिम निकायात द्वेधावितक्क नावाचे एक सुत्त आहे. त्यात तथागत संबोधीपूर्वीच्या आपल्या साधनेविषयी सांगतात. मनात येणाऱ्या विचारांचे त्यांनी दोन ढीग केले. एका बाजूला भोगलालसा, द्वेष आणि हिंसा यांचे विचार ठेवले. दुसऱ्या बाजूला त्याग, मैत्री आणि अहिंसा यांचे विचार ठेवले. मग प्रत्येक विचार आला की त्यांनी पाहिले, यातून माझे भले होते की बुरे? इतरांचे भले होते की बुरे? प्रज्ञा वाढते की अडते? याच सुत्तात एक मोठे मानसशास्त्रीय सत्य आले आहे. माणूस ज्या विषयाचा वारंवार विचार करतो, त्या विषयाकडे त्याच्या मनाचा कल होतो. शेतात पाणी ज्या वाटेने वाहते ती वाट खोल होते आणि पुढचे पाणी आपोआप त्याच वाटेने जाते. विचारांचेही असेच आहे.

त्या सुत्तात गुराख्याचा दृष्टांत आहे. पावसाळ्याच्या अखेरीला पिके भरात असतात. तेव्हा गुराखी हातात काठी घेऊन गुरांना सतत आवरतो, कारण गुरे पिकात शिरली तर नुकसान होते आणि शिक्षाही त्यालाच होते. पिके निघाली, रान मोकळे झाले की तोच गुराखी झाडाखाली बसून गुरांवर नुसते लक्ष ठेवतो. मनाची राखण अशीच करावी लागते. सुरुवातीला काठी लागते. पुढे जागे राहिले तरी पुरते. विद्यार्थी मित्रांनो, तुमचे आजचे वय म्हणजे भरात आलेले पीक आहे. या दिवसांत राखण हवी.

ही सवय आली कोठून?

आता एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. "तुमच्या विचारांमुळे तुम्ही मागे पडलात" असे कोणी आपल्याला सांगू लागला तर ते आम्हाला मान्य नाही. या देशात शेकडो वर्षे काही माणसांना विद्या, संपत्ती आणि शस्त्र नाकारले गेले. गावकुसाबाहेर ठेवले गेले. त्या व्यवस्थेचे सर्वांत मोठे यश कोणते, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच मनात तिने "आपली पायरी हीच" हा विचार बसवला. बाहेरची बेडी दिसते, ही दिसत नाही.

ही केवळ भाषणातली गोष्ट नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधिकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २००४ साली मांडले. मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली आणि सोडवलेल्या कोड्यांवर बक्षिसाचे पैसे ठेवले. जात जाहीर केली नव्हती तेव्हा उच्च मानलेल्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांच्या कामगिरीत लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. परंतु सगळ्यांसमोर नाव, गाव आणि जात पुकारून मग तेच काम दिले, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली आणि मोठी तफावत दिसू लागली. बुद्धी तीच, कोडी तीच, बक्षीसही तेच. मध्ये फक्त जातीची हाक आली. त्या हाकेने मुलाच्या मनात काय काय जागे केले असेल, हे या सभागृहातील वडीलधाऱ्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की क्षमता कमी नव्हती. दुसरा असा की क्षमता असूनही विचार तिला अडवू शकतो. म्हणून लढाई दोन ठिकाणी करावी लागते. बाहेर हक्कांसाठी, शिष्यवृत्तीसाठी, प्रतिनिधित्वासाठी, आणि आत मनाच्या या जुन्या सवयीशी. बाहेरची लढाई सोडून केवळ मन सुधारा असे सांगणारा फसवतो. आतली लढाई न लढता केवळ बाहेरचा हक्क मागणाराही अर्धाच मुक्त होतो.

बाबासाहेबांच्या विद्यार्थीदशेकडे पाहू

बाबासाहेबांचे मोठेपण आपण जयंतीला सांगतो. आज त्यांच्या विचार करण्याच्या सवयीकडे पाहू. १९१३ साली ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. त्यांचे सामान आणि पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती. पहिल्या महायुद्धाच्या त्या दिवसांत ती बोट बुडवली गेली. त्यानंतर बडोद्याला नोकरीसाठी गेले तर राहायला जागा मिळेना. परदेशात शिकून आलेल्या माणसाला जातीमुळे निवाऱ्यातून बाहेर काढले गेले.

या ठिकाणी कोणाच्याही मनात "आता संपले" असा विचार आला असता. बाबासाहेबांनी मात्र विद्यापीठाकडून काही वर्षांत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, पैसे साठवले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. दार बंद झाले तेव्हा त्यांनी किल्लीची व्यवस्था पाहिली.

पुढे रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही. दुरुस्ती करून तो पुन्हा सादर करण्यास सांगितले.  त्यांनी प्रबंध दुरुस्त करून पाठवला आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी त्यांना मिळाली. मित्रांनो, ज्यांनी पुढे या देशाच्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले त्यांनाही एके काळी "हे पुन्हा लिहून आणा" असे ऐकावे लागले होते. "पुन्हा लिहून आणा" या शब्दांचा अर्थ त्यांनी "तू नालायक आहेस" असा लावला नाही. "काम राहिले आहे" असा लावला. घटना तीच असते, तिचा अर्थ कोणता लावायचा ही सवय असते.

सवयीच्या विचारांचे चार प्रकार

आपल्या वस्तीत, घराघरांत आणि अभ्यासिकेत जे ऐकू येते त्यावरून आम्हाला घातक सवयीचे चार प्रकार दिसतात.

पहिला, न्यूनगंडाचा विचार. "मोठ्या कॉलेजात आपल्यासारख्यांचे काय काम?" हा विचार करणारा फॉर्मच भरत नाही. त्यामुळे तो नापासही होत नाही, आणि आपला विचार खरा होता असे त्याला आयुष्यभर वाटत राहते. "कोट्यातून आलास" असा टोमणा मारणारे महाविद्यालयात भेटतात. तो टोमणा मारणाऱ्याच्या तोंडातून एकदाच निघतो. आपण मात्र तो रात्री अंथरुणात शंभर वेळा उगाळतो. प्रतिनिधित्व हा आपला घटनात्मक हक्क आहे, तो कोणाचा उपकार नाही, हे ज्याला नीट समजले आहे त्याला टोमणा लागतो, पण पाडत नाही.

दुसरा, सगळे किंवा काहीच नाही असा विचार. "अधिकारी झालो तर झालो, नाहीतर जीवन व्यर्थ." स्पर्धा परीक्षेच्या तयारीत हा विचार तरुणांची पाच-पाच, सात-सात वर्षे खातो. पद हे एक साधन आहे. शिक्षक, परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वकील, छोटा उद्योजक, उत्तम शेतकरी हीसुद्धा मानाने जगण्याची आणि समाजाच्या उपयोगी पडण्याची साधने आहेत. प्रयत्नाची मुदत आणि दुसरी वाट आधीच ठरवून ठेवणे हा शहाणपणा आहे. त्याला पळपुटेपणा म्हणू नये.

तिसरा, नशिबाचा विचार. "ग्रह चांगले नाहीत", "आमच्या घराण्यात कोणी शिकत नाही", "मागच्या जन्माचे भोग". धम्मदीक्षेला इतकी वर्षे लोटली तरी आपल्यातील काही घरांत बोटात खड्याची अंगठी आणि दाराला लिंबू-मिरची दिसते. तथागतांनी कर्माला महत्त्व दिले ते माणसाच्या हातात काही आहे हे सांगण्यासाठी. सर्व काही पूर्वीच ठरलेले आहे असे मानले तर प्रयत्नाला अर्थच उरत नाही, असा आक्षेप त्यांनी स्वतः घेतला होता.

चौथा, उलट टोकाचा विचार, अहंकाराचा. पहिला नंबर आला, सत्कार झाला, की "मला आता कोणी काय शिकवणार?" हा विचार येतो. ज्यांचा आज सत्कार झाला त्यांनी हा चौथा प्रकार लक्षात ठेवावा.

या चारही प्रकारांत एक समान धागा आहे. विचार आला, आपण तो खरा मानला आणि त्याप्रमाणे वागलो. मधली एक पायरी गळाली. ती पायरी म्हणजे स्मृती, जागेपणा.

विचार बदलण्याचे पाच उपाय

विचार येतो हे ठीक, पण तो घालवावा कसा? याचे उत्तर मज्झिम निकायातील वितक्कसंठान सुत्तात पाच उपायांच्या रूपाने आले आहे. ते भिक्खूंना ध्यानासाठी सांगितलेले असले तरी विद्यार्थ्याला आणि गृहस्थालाही लागू पडतात.

पहिला उपाय, जागा बदलून दुसरा विचार बसवणे. कुशल सुतार लाकडातली जाड खुंटी बारीक खुंटी ठोकून बाहेर काढतो, तसा वाईट विचार चांगल्या विचाराने काढावा. "गणित मला येत नाही" या वाक्याच्या जागी "मला आज त्रैराशिक येत नाही, रविवारपर्यंत दहा उदाहरणे सोडवीन" हे वाक्य बसवा. पहिले वाक्य तुमच्यावर शिक्का मारते. दुसरे वाक्य काम सांगते.

दुसरा उपाय, त्या विचाराचा तोटा पाहणे. अंगाची नीटनेटकी काळजी घेणाऱ्या तरुणाच्या गळ्यात मेलेले जनावर अडकवले तर त्याला जशी किळस येईल, तशी त्या विचाराची यावी. एका कागदावर लिहा, या विचारामुळे गेल्या वर्षभरात मी कोणते फॉर्म भरले नाहीत, कोणाला प्रश्न विचारला नाही, कोणते पुस्तक उघडले नाही. यादी पाहून आपण आपोआप सावध होतो.

तिसरा उपाय, दुर्लक्ष करणे. नको ते दृश्य समोर आले की माणूस डोळे मिटतो किंवा दुसरीकडे पाहतो. रात्री साडेअकरा वाजता आलेल्या निराशेच्या विचाराशी वाद घालत बसू नये. हातातला मोबाईल बाजूला ठेवावा, पाणी प्यावे, झोपावे. दिवसाउजेडी तोच विचार अर्ध्या वजनाचा होतो.

चौथा उपाय, विचाराचा वेग कमी करणे. वेगाने चालणाऱ्याला वाटते, मी एवढ्या घाईने का चाललो आहे? तो हळू चालतो, मग थांबतो, मग बसतो, मग आडवा होतो. तसे स्वतःला विचारावे, हा विचार कशातून आला? तो कशावर उभा आहे? शोधत मागे गेले की पुष्कळदा एखाद्या नातेवाइकाचे सहा वर्षांपूर्वीचे एखादे वाक्य सापडते. एवढ्याशा वाक्यावर आपण केवढा डोलारा उभा केला हे पाहून माणसाला हसू येते.

पाचवा उपाय, दात-ओठ दाबून मनाने मनाला आवरणे. हा शेवटचा. वरचे चारही निष्फळ झाले तरच हा वापरायचा. आपल्याकडे मात्र हाच पहिला वापरला जातो. "कर अभ्यास! मन मार!" असे मुलाला सुनावले की आपले कर्तव्य संपले असे आपण समजतो.

आधुनिक मानसशास्त्र याच दिशेने आले आहे. अमेरिकेतील आरन बेक यांनी १९६० च्या दशकात निराशेच्या रुग्णांवर उपचार करताना पाहिले की त्यांच्या मनात आपोआप उमटणारे काही ठरीव विचार असतात. ते पकडून, कागदावर लिहून, पुराव्याने तपासायला शिकवले की रुग्ण सुधारतो. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून असे मांडले की सुटकेचा उपाय नसलेला त्रास वारंवार झाला की प्राणी हतबलता शिकतो. पुढे सुटकेची वाट खुली झाली तरी तो हलत नाही. जवळजवळ ५० वर्षांनी, २०१६ साली, मेंदूविषयीच्या नव्या माहितीच्या आधारे या दोघांनीच आपला सिद्धांत दुरुस्त केला. दीर्घ त्रासात गप्प पडून राहणे ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे. शिकावी लागते ती "माझ्या हातात काही आहे" ही जाणीव, असे त्यांनी सांगितले. आपल्या समाजासाठी याचा अर्थ फार मोठा आहे. खचून जाणे हा कोणाचा गुन्हा नाही. पण उभे राहणे ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि जी शिकता येते ती शिकवताही येते. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांनी ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा ते हेच शिकत होते.

चूळपंथक आणि सोण

"पण आमचे डोकेच चालत नाही," असे म्हणणाऱ्यांसाठी चूळपंथकाची कथा आहे. पाली अट्ठकथेनुसार चूळपंथक भिक्खूला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक याने त्याला विहार सोडून जायला सांगितले. तो निघाला असता तथागतांनी त्याला थांबवले. गाथा पाठ करण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. एक स्वच्छ वस्त्र हातात दिले आणि ते चोळत राहून मळ जाण्याचा विचार मनात धरायला सांगितले. हाताच्या घामाने वस्त्र मळत गेले, ते पाहता पाहता त्याला अनित्यता उमगली आणि तो अर्हत झाला. शिष्य तोच होता. पाठांतराचा मार्ग त्याला लागू पडला नाही, पाहण्याचा मार्ग लागू पडला. पालकांनी आणि शिक्षकांनी यातून बोध घ्यावा की मूल मठ्ठ ठरवण्यापूर्वी आपली पद्धत बदलून पाहावी.

दुसरा सोण कोळिविस. तो इतका कठोर प्रयत्न करी की चंक्रमण करून त्याचे पाय रक्ताळले. तरीही फळ मिळेना म्हणून संघ सोडून घरी जावे असे त्याच्या मनात आले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांची आठवण दिली. तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. परीक्षेआधी रात्र-रात्र जागणाऱ्यांनी आणि परीक्षेनंतर महिना-महिना पुस्तक न उघडणाऱ्यांनी, दोघांनीही ही वीणा आठवावी.

नवी सवय कशी लावावी?

सम्यक व्यायामाची चार अंगे आपल्याला ठाऊक आहेत. जो वाईट विचार आला नाही तो येऊ न देणे, आलेला घालवणे, जो चांगला विचार नाही तो निर्माण करणे आणि निर्माण झालेला जपून वाढवणे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा या दृष्टीने वाचून पाहा. काही प्रतिज्ञा सोडण्याच्या आहेत, काही धरण्याच्या आहेत. नुसते सोडले तर जागा रिकामी राहते आणि जुनेच पुन्हा येऊन बसते. म्हणून सोडणे आणि धरणे त्यांनी एकत्र दिले.

सवय किती दिवसांत लागते? २१ दिवसांत लागते असे पुष्कळ जण सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात, जो २०१० साली छापून आला, सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरतील, तर कोणाला २५४ पर्यंतही लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडत नाही, हेही त्यात आढळले. एका दिवसाच्या खंडाने "गेले सगळे" म्हणणारा हरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसणारा जिंकतो.

आमची सूचना साधी आहे. एक शंभर पानी वही घ्या. रोज रात्री दहा मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष द्या. मग वहीत तीन ओळी लिहा. आज कोणता विचार पुन्हा पुन्हा आला? तो कोणत्या ढिगातला? उद्या त्याच्या जागी मी कोणते काम करीन? तिसऱ्या ओळीत वेळ आणि जागा लिहा, "संध्याकाळी सात वाजता जेवण झाले की मी अभ्यासिकेत जाऊन इतिहासाचा एक धडा वाचीन" अशा स्वरूपात. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनात असे दिसले की केव्हा आणि कोठे हे ठरवून केलेला संकल्प नुसत्या इच्छेपेक्षा अधिक वेळा पार पडतो.

घराची आणि संस्थेची जबाबदारी

आता थोडे मोठ्यांसाठी. मुलाच्या मनातले वाक्य पुष्कळदा घरात तयार झालेले असते. १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरॉल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. "तू हुशार आहेस" अशी स्तुती मिळालेली मुले पुढे कठीण काम टाळू लागली आणि अपयश आल्यावर त्यांची कामगिरी घसरली. "तू मेहनत केलीस" अशी स्तुती मिळालेली मुले कठीण कामाला भिडली. या विषयावर पुढे झालेल्या मोठ्या अभ्यासांत असे शब्द आणि धडे यांचा परिणाम मर्यादित आढळला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शब्दाने शिकवणी, पुस्तके, फी आणि पोटभर जेवण यांची जागा भरून निघत नाही. म्हणून आपल्या संस्थेने दोन्ही करावे. अभ्यासिकेचा दिवा रात्री उशिरापर्यंत चालू राहावा, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणारे कोणीतरी रविवारी विहारात बसावे, आणि जो विद्यार्थी नापास झाला त्याच्या घरी संस्थेचा एक कार्यकर्ता आठवड्याच्या आत जाऊन यावा. सत्काराला आपण सगळे येतो. अपयशाच्या दिवशी दारात कोणी तरी यायला हवे. खचलेला मुलगा किंवा मुलगी जेवण-झोप सोडून गप्प राहू लागली, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागली, तर उपदेश बाजूला ठेवून तिच्याजवळ बसावे आणि तिला डॉक्टरांकडे न्यावे. मन आजारी पडू शकते, ते बरेही होते.

यश कोणासाठी?

शेवटचा मुद्दा. १९५६ च्या मार्च महिन्यात आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयीची आपली व्यथा बोलून दाखवली होती. शिकून पुढे गेलेला माणूस समाजाकडे पाठ फिरवतो, ही ती व्यथा. हीदेखील एक विचाराची सवयच आहे. "मी माझ्या हिमतीवर आलो" असे रोज म्हणता म्हणता माणसाला आपल्या मागे उभे असलेले हात दिसेनासे होतात. आईने भांडी घासलेली असतात, वडिलांनी गिरणीत किंवा बांधकामावर घाम गाळलेला असतो, कोणी तरी संस्थेला वर्गणी दिलेली असते. विचारांचे दोन ढीग करताना तथागतांनी पाहिले होते ते आपले भले आणि इतरांचेही भले. दोन्ही साधते ते यश. एकच साधते ते फक्त प्रगतिपुस्तक.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, आज घरी जाल तेव्हा वहीचे पहिले पान उघडा. मागच्या रांगेतल्यांनी त्यावर लिहावे, काम राहिले आहे. पुढच्या रांगेतल्यांनी लिहावे, देणे राहिले आहे. आणि पुढच्या वर्षी याच सभागृहात दोन्ही रांगांतले विद्यार्थी शेजारी शेजारी बसलेले आम्हाला पाहायला मिळावेत, एवढी मंगल कामना व्यक्त करून आम्ही आपले बोलणे संपवतो.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जय भीम!